पाठमोरे शहर आणि प्रकाशाची नदी



मराठी माणसाला यमुना प्रथम भेटते ती कृष्णकथेत. गोकुळातल्या बाललीला आणि कालियाचा डोह यांच्याशी तिचे नाव आपल्या मनात बालपणापासून जडलेले असते. दुसऱ्यांदा ती भेटते पानिपताच्या इतिहासात, आणि ही दुसरी भेट मात्र फार कठोर असते. १७६० सालच्या ऑगस्टच्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या फौजांनी दिल्ली हस्तगत केली, तेव्हा पावसाळा ऐन भरात होता. पश्चिम तीरावर मराठे, पूर्वेकडच्या मुलखात अहमदशाह अब्दाली, आणि दोघांच्या मध्ये दुथडी भरून वाहणारी यमुना, असा तो प्रसंग होता. कोणालाच कोणावर तुटून पडता येईना. पुढे मराठे उत्तरेस सरकले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी कुंजपुरा घेतला. पण त्यानंतर आठवडाभरातच अब्दालीने बागपतपाशी नदी ओलांडली. नदी अजून उतरण्याजोगी झालेली नाही, हा मराठ्यांचा अंदाज चुकला. दिल्लीची आणि पर्यायाने दक्षिणेची वाट तुटली, रसद आटली आणि १४ जानेवारी १७६१ या दिवशी जे घडले, ते आपण सारे जाणतो. पानिपतचा पराभव यमुनेने घडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु नदीचे पाणी केव्हा चढते नि केव्हा उतरते, हे वाचण्यात झालेली चूक एका साम्राज्याला किती महाग पडू शकते, याचा तो धडा होता, यात शंका नाही.

ज्या यमुनेने दोन प्रचंड सैन्यांना महिनोन्‌महिने एकमेकांपासून दूर रोखून धरले, तिच्या काठी आज वैशाखात उभे राहिले, तर पाहणाऱ्याचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पात्रात वाहते ते पाणी काळे असते आणि त्याला नदीचा नव्हे, तर गटाराचा वास येतो. शरद ऋतूत ओखल्याकडे त्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात. यमुनेची एकूण लांबी १३७६ किलोमीटर. त्यांपैकी दिल्लीतील वजीराबाद ते ओखला हे अंतर अवघे २२ किलोमीटरांचे, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. पण नदीच्या एकंदर प्रदूषणापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक भार या चिमुकल्या पट्ट्यातच तिच्या अंगावर पडतो, असे मानले जाते.

एखादी नदी वाहत असतानाच एका महानगराच्या दृष्टीतून नाहीशी कशी होते? आणि नाहीशी झालेली ती नदी पुन्हा दृष्टीस कशी पाडावी? यांतला पहिला प्रश्न इतिहासाचा आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर शोधण्याचा प्रयत्न गेल्या काही वर्षांत काही कलावंतांनी केला, आणि त्यासाठी साधन म्हणून निवडला तो व्हिडिओ. चित्रशाळेच्या भिंतींआड न राहता ग्रंथालयात, बागेत, रस्त्याच्या कडेला किंवा नदीच्या काठी, कोणालाही पाहता येईल अशा ठिकाणी उभी केलेली ही व्हिडिओकला आहे. या दोन्ही प्रश्नांचा धागा एकच आहे, आणि तो उलगडून पाहणे हाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम इतिहासाकडे वळू. १६३९ साली शाहजहानने आपल्या नव्या राजधानीची उभारणी आरंभिली आणि १६४८ साली लाल किल्ला पूर्णत्वास गेला. आज आपण किल्ल्यात प्रवेश करतो तो चांदणी चौकाच्या बाजूने, म्हणून तीच त्याची दर्शनी बाजू असे आपल्याला वाटते. वस्तुतः किल्ल्याचे सारे वैभव पूर्वेच्या तटाला लागून मांडलेले आहे. दिवाण-ए-खास, रंगमहाल, मुसम्मन बुर्ज हे सर्व नदीकडे तोंड करून उभे आहेत, कारण यमुना तेव्हा या तटाच्या पायथ्याशी वाहत होती. तट आणि पाणी यांच्यामध्ये वाळूचा एक पट्टा असे आणि तो पट्टा म्हणजे या शहराचे खरे सार्वजनिक प्रांगण होते. बादशहा झरोक्यात येई आणि खाली जमलेली रयत त्याचे दर्शन घेई. हत्तींच्या झुंजी लागत त्याही याच वाळूवर. ११ मे १८५७ रोजी मेरठहून निघालेले शिपाई नावांचा पूल ओलांडून आले, तेव्हा त्यांनीही प्रथम याच बाजूला, बहादुरशहाच्या महालाखाली उभे राहून त्याला साद घातली. एवढेच कशाला, १९११ साली दिल्ली दरबाराच्या वेळी पाचव्या जॉर्जला आपण मोगलांचे वारस आहोत असे दाखवावयाचे होते, तेव्हा तोही राणीसह याच झरोक्यात येऊन बसला आणि खाली जमलेल्या लोकांना त्याने दर्शन दिले. सारांश, पाहणे आणि दिसणे यांचा दिल्लीतला व्यवहार शतकानुशतके नदीच्या काठी चालत आला होता.

मग शहराने नदीकडे पाठ केव्हा फिरविली? अशी एखादी तारीख सांगता येणार नाही. १८५७ नंतर किल्ला लष्कराची छावणी झाला. आगगाडीचा रस्ता सलीमगडातून गेला आणि त्याच्याच पुढे १८६० च्या दशकात यमुनेवर लोखंडी पूल उभा राहिला. नदी उतरणे हा पराक्रम न राहता काही मिनिटांचा प्रवास झाला. ज्या पाण्यापाशी भाऊंची फौज थबकली, ज्याला पाठ लावून १८०३ साली पटपडगंजच्या मैदानात दौलतराव शिंद्यांचे सैन्य जनरल लेकशी लढले आणि पराभवानंतर ज्यात कित्येक शिपाई बुडाले, ते पाणी आता गाडीच्या खिडकीतून दिसणारे एक दृश्य तेवढे राहिले. नदीचे पात्रही कालांतराने तटापासून पूर्वेकडे सरकले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवरून रुंद रस्ता गेला. आज किल्ल्याच्या झरोक्यात उभे राहिले तर खाली वाहते ती वाहनांची रांग. पटपडगंज म्हणजे आता दाट वस्तीचे एक उपनगर; तेथे घर घेणाऱ्या कितीशा मराठी कुटुंबांना आपल्या पायाखालच्या रणभूमीची जाणीव असेल?

या पाठ फिरविण्याचे मोल नदीने वेळोवेळी वसूल केले. १९५५ सालची गोष्ट या दृष्टीने मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्या वर्षी पुरानंतर यमुनेने पात्र किंचित बदलले. शहराचे सांडपाणी वाहून आणणारा नजफगडचा नाला वजीराबादजवळ नदीस मिळतो. एरवी त्याचे पाणी खाली निघून जाई. परंतु नोव्हेंबरात काही दिवस ते उलटे फिरून, जेथून शहराचे पिण्याचे पाणी उचलले जाई, त्या ठिकाणापर्यंत पोहोचले. डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या साथीचा विषाणू कोणता, हे वैद्यकशास्त्राला नंतर कित्येक वर्षांनी उमगले. पण साथीचा अर्थ उमगण्यास तितका काळ लागण्याचे कारण नव्हते. शहर एका हाताने नदीत घाण सोडीत होते आणि दुसऱ्या हाताने तीच नदी ओंजळीत घेऊन पीत होते. त्या दोन हातांमधले अंतर नदीने एका आठवड्यात मिटवून दाखविले. आणि तो नजफगडचा नाला तरी मुळात नाला कोठे होता? साहिबी नावाच्या एका नदीचा तो वारसा. एका नदीचे नाव आपण पुसले, तिला नाला म्हटले, आणि मग तिच्याकडून नाल्यासारखीच अपेक्षा ठेवली.

१९५९ साली वजीराबादला बंधारा बांधला गेला. दिल्लीची तहान भागविण्यासाठी तो हवाच होता. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा, की कोरड्या महिन्यांत बंधाऱ्याच्या खाली नदीचे स्वतःचे पाणी जवळजवळ उरतच नाही. उरते ते नाल्यांचे. आणि योगायोग पाहा: त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत आकाशवाणीने दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केले. ज्या वर्षी या शहरात वाहते पाणी अडले, त्याच वर्षी येथे वाहते चित्र अवतरले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, हे उघडच आहे. परंतु पुढे अर्धशतकाने त्या चित्राने त्या पाण्याची विचारपूस करावी, यात इतिहासाचा काही न्याय आहे असे मला वाटते.

आता या नव्या कलेविषयी थोडेसे. ‘व्हिडिओ’ हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ‘मी पाहतो’. चित्रपटाची फीत रसायनांत धुवावी लागे. तिला खर्च फार, आणि म्हणून तिच्यात काहीतरी ‘घडणे’ भाग असे. व्हिडिओच्या फितीचे तसे नव्हते. ती तत्काळ पाहता येई, पुसून पुन्हा वापरता येई, आणि एकच दृश्य कितीही वेळ टिपीत राहण्याची मुभा देई. १९६३ साली जर्मनीतील वुपरटाल येथे नाम जून पाइक या कोरियन कलावंताने दूरचित्रवाणीचे संच प्रदर्शनात मांडून त्यांची चित्रे मुद्दाम वेडीवाकडी करून दाखविली, तेथून या कलेचा आरंभ सांगण्याची प्रथा आहे. त्या दशकाच्या उत्तरार्धात खांद्यावरून नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा आला आणि कलावंत तो घेऊन घराबाहेर पडले. आपल्या देशात ही कला रुजली ती १९९० च्या दशकात. मुंबईच्या नलिनी मलानी यांनी पोखरणच्या अणुस्फोटांनंतर १९९८ साली मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेचा आधार घेऊन केलेली व्हिडिओरचना हे तिचे एक ठळक उदाहरण. फाळणी आणि अणुबाँब यांसारख्या विषयांना या माध्यमाने हात घातला, तसा पुढे तो भूमी, पाणी आणि हवामान यांनाही घातला.

२००८ सालच्या डिसेंबरात दिल्लीत एक उपक्रम झाला. त्याचे नाव होते ‘४८ अंश सेल्सियस’. दिल्लीच्या उन्हाळ्याचा अनुभव असलेल्या कोणालाही या नावातली धग निराळी समजावून सांगावी लागत नाही. पूजा सूद यांच्या संयोजनाखाली देशोदेशींच्या कलावंतांनी काश्मीरी गेट, बाराखंबा रस्ता अशा गजबजलेल्या ठिकाणी आपल्या कृती मांडल्या. विषय होता शहर आणि त्याचे पर्यावरण. त्यांतली शेबा छाछी यांची एक कृती येथे सांगण्यासारखी आहे.

जुन्या दिल्लीच्या रेल्वेस्थानकासमोर दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आहे. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, युनेस्कोच्या साहाय्याने स्थापन झालेली ही संस्था. त्या जुन्या वास्तूत इंग्रजी अमदानीतला एक पोहण्याचा हौद होता. पाणी कधीच गेलेले, आणि त्याचा वापर थांबलेला. या कोरड्या, विस्मृत हौदात शेबा छाछी यांनी आपली रचना मांडली. तिचे नाव ‘पाणाड्या’ असे सांगता येईल, कारण जमिनीखालचे पाणी हुडकून काढणाऱ्याला मराठीत हाच शब्द आहे. निळसर अंधारात जुन्या ग्रंथांचे ढीग, मधूनमधून उजळलेली चित्रे, आणि पलीकडे पडद्यावर पाण्याखालून दिसणारा, संथपणे पोहणारा एक हत्ती. एवढेच ते दृश्य. त्यात कोणतीही कथा नाही, कोणताही उपदेश नाही.

पण ज्याला या स्थळाचा इतिहास ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने त्या हत्तीत किती काळ साठलेला आहे! तेथून थोड्याच अंतरावर, किल्ल्याच्या तटाखाली, याच नदीच्या वाळूवर हत्ती झुंजत असत. ते पाणी गेले, ती वाळू गेली, मग साहेबाने शहरात आपल्यापुरते पाणी हौदात कोंडून आणले, तेही आटले, आणि त्या कोरड्या खड्ड्यात जुने कागद येऊन पडले. नदी, हौद आणि कागद या तीन थरांच्या तळाशी कलावंताने प्रकाशाचे पाणी सोडले आणि त्यात हत्ती पोहावयास लावला. बखरकार शब्दांनी जे करतो, तेच येथे स्थळ, प्रकाश आणि काळ यांच्या साहाय्याने केलेले आहे.

यानंतर तीन वर्षांनी, २०११ साली, कलावंत खुद्द नदीच्या काठी आले. दिल्लीची यमुना आणि हॅम्बुर्गची एल्ब या दोन नद्यांना जोडणारा तो प्रकल्प होता. दिल्लीकडची बाजू रवी अगरवाल यांनी सांभाळली. ते स्वतः छायाचित्रकार आणि पर्यावरणक्षेत्रातले कार्यकर्ते. यमुनाकाठच्या झेंडूच्या शेतीची आणि ती करणाऱ्या शेतकऱ्यांची त्यांनी केलेली चित्रणे प्रसिद्ध आहेत. जुन्या लोखंडी पुलानजीकच्या उद्यानात हा मेळा भरला. गिगी स्कारिया यांनी यमुनेचेच पाणी वर खेचून शुद्ध करणारी इमारतीच्या आकाराची रचना उभी केली. शेबा छाछी यांनी रात्रीच्या अंधारात नदीकाठी चलच्चित्र दाखविले. त्याच्या शीर्षकाचा आशय होता, काळे पाणी पेट घेईल. यमुनेला पुराणांनीही श्यामवर्णाच म्हटले आहे. एक काळेपण देवीचे आणि दुसरे आपण तिला दिलेले, या दोहोंतला भेद त्या काठावर उभे राहिल्यावर निराळा समजावून सांगावा लागत नाही. ज्या शहरात लोक एके काळी वाळूवर उभे राहून वर झरोक्याकडे पाहत, त्याच शहरात आता लोक काठावर उभे राहून नदीकडे पाहू लागले. बघणाऱ्याची दिशा बदलली, आणि ही गोष्ट लहान नाही.

येथे एक शंका प्रामाणिकपणे उपस्थित केली पाहिजे. सार्वजनिक कला म्हणजे कोणत्या जनांची? नदीकडे पाठ शहराने फिरविली होती. नदीकाठी राहणाऱ्यांनी नव्हे. पूरभूमीत भाजी आणि फुले पिकविणारे शेतकरी, नाव चालविणारे नावाडी, धोबी, ‘यमुना पुश्ता’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झोपडवस्तीतले हजारो श्रमिक, हे सारे रोज यमुना पाहतच होते. २००४ साली ती वस्ती पाडण्यात आली. त्या कुटुंबांपैकी काहींना शहराच्या टोकाला जागा मिळाली, कित्येकांना मुळीच मिळाली नाही. त्याच पूरभूमीवर पुढे २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी पक्क्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. तेव्हा नदीकडे पाहावयास शिकविणाऱ्या कलेने, जे आधीपासून पाहत होते त्यांना प्रथम विचारले पाहिजे. चित्र कितीही सुंदर असले, तरी ते पाहून तहान भागत नाही, आणि पाडलेले घरही परत उभे राहत नाही.

मग या कलेचा उपयोग तो काय? याचे उत्तर शोधताना दिल्ली सोडून क्षणभर ओडिशाकडे वळावे लागते, कारण तेथे एका कलावंताने हाच प्रश्न स्वतःला विचारला. अमर कंवर यांनी २०११ साली ‘गुन्ह्याचे ठिकाण’ अशा अर्थाच्या नावाचा एक व्हिडिओपट पूर्ण केला. त्याची लांबी ४२ मिनिटे. त्यात गुन्हा दिसत नाही. दिसते ते वाऱ्याने हलणारे गवत, पाणी, झाडे, वाटा. पण त्यांत दाखविलेली ठिकाणे खाणी आणि कारखाने यांसाठी घेतली जाणार होती. नष्ट होण्यापूर्वीचा भूप्रदेश त्यांनी टिपून ठेवला. हा पट ज्या मोठ्या रचनेचा भाग आहे, ती रचना सुधीर पटनायक आणि शेरना दस्तूर यांच्या सहकार्याने सिद्ध झाली. २०१२ साली ती जर्मनीत कासेलच्या सुप्रसिद्ध प्रदर्शनात गेली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला भुवनेश्वर येथेही सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात चलच्चित्रांबरोबर देशी भाताच्या अडीचशेहून अधिक वाणांचे बियाणेही मांडलेले होते. न्यायालयात पुरावा म्हणून कागद चालतो, मोजणी चालते. मग एखाद्या भूमीच्या सौंदर्याचा, तिथल्या वाऱ्याचा पुरावा कोणी ठेवावयाचा? कंवर यांचा प्रश्न हा आहे. काय गमावले हे सांगण्यासाठी आधी काय होते हे कोणीतरी पाहून ठेवलेले असावे लागते.

माझ्या मते या कलेचे खरे कार्य येथे आहे. काही घडत नसते, तेव्हाही ती पाहते. संकट आले की सारेच पाहतात. परंतु संकटाचा अर्थ लागतो तो आधीच्या साध्या दिवसांच्या नोंदींवरून. हवामानबदलाचे सारे शास्त्रदेखील अखेर अशा साध्या दिवसांच्या नोंदींवरच उभे आहे.

याचा पडताळा दिल्लीलाच २०२३ साली आला. त्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलात आणि उत्तरेच्या मैदानांत प्रचंड पाऊस झाला. १३ जुलैला जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. तेथील धोक्याची खूण २०५.३३ मीटरवर आहे, आणि त्यापूर्वीचा उच्चांक १९७८ सालचा, २०७.४९ मीटरचा होता. राजघाटाच्या परिसरात पाणी शिरले. रिंग रोड पाण्याखाली गेला. आणि लाल किल्ल्याच्या पूर्व तटाला यमुनेचे पाणी पुन्हा एकदा येऊन लागले. ज्या झरोक्यांखाली कित्येक पिढ्यांनी केवळ रस्ता पाहिला होता, तेथे काही काळ नदी होती. हजारो लोकांनी आपापल्या हातातल्या यंत्रांनी ते दृश्य टिपले. एका अर्थी सारे शहरच त्या आठवड्यात व्हिडिओकार झाले.

हा पूर हवामानबदलाने आणला काय? तापलेली हवा अधिक बाष्प धरते, तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे सात टक्के अधिक, आणि त्यामुळे मोठ्या पावसाचे मान वाढते, हे पदार्थविज्ञान सांगते. परंतु सगळा दोष आभाळावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. कारण २०१९ साली वरच्या हथिनीकुंड बंधाऱ्यावरून दिल्लीकडे जे पाणी सुटले, ते २०२३ च्या दुपटीहून अधिक होते. तरीही तेव्हा दिल्लीतली पातळी दोन मीटरांनी कमी राहिली होती. पाणी निम्मे आणि पूर अधिक, असे का व्हावे? पात्रात साचलेला गाळ, पूरभूमीवर चढलेली बांधकामे, आणि ऐन वेळी न उघडलेली बंधाऱ्याची दारे यांत त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते. म्हणजे आभाळ बदलते आहे हे खरे. पण ते ज्या भूमीवर कोसळते तिचा आकार आपण बदलून ठेवलेला आहे, हेही तितकेच खरे. हवामानाचा प्रश्न भूगोलाचा जेवढा, तेवढाच इतिहासाचाही आहे तो या कारणाने.

पाणी ओसरले, चिखल धुतला गेला, टिपलेली दृश्ये जुनी झाली, आणि शहराने पुन्हा पूर्ववत पाठ फिरविली. पूर पाहण्यासाठी काठावर जमलेली गर्दी आश्विनात फेस पाहावयास आली नाही. वैशाखात काळे पाणी पाहावयास तर नाहीच नाही. वस्तुतः पाहावयाचे ते तेव्हाच. नदीकाठी एखादी रात्र पडदा उभारून तिचे रूप दाखविणारा कलावंत, पुलाच्या खांबावरची रेघ रोज वाचून वहीत टिपणारा जलखात्यातला अनाम कर्मचारी, आणि आपल्या बांधापर्यंत पाणी केव्हा येईल हे मनात मोजणारा पूरभूमीतला शेतकरी, हे तिघे एकाच व्यवसायातले आहेत असे मी मानतो. त्यांपैकी पहिल्याचे काम आपल्याला दिसते, दुसऱ्याचे आपण आकड्यात वाचतो, तिसऱ्याला मात्र आपण विचारीत नाही.

पानिपताच्या आधी भाऊंच्या छावणीपासून नदी दूर नव्हती. ती डोळ्यांसमोर वाहत होती. चुकला तो तिचा अंदाज. आपणही आज नदीच्या काठीच राहतो. ती दिल्लीची यमुना असेल, पुण्याची मुळा-मुठा असेल किंवा मुंबईची मिठी असेल. तिचे पाणी चढते केव्हा, उतरते केव्हा, आणि त्यात आपण काय सोडतो, हे रोज पाहावयाची सवय लावून घेणे एवढे तरी आपल्या हाती आहे. ही सवय लागावी म्हणून कोणी काळोखात प्रकाशाची नदी सोडीत असेल, तर तिच्यापुढे थोडा वेळ थांबावे, आणि मग वळून खऱ्या नदीकडे पाहावे.